दोन खेचरांवरची माती : हिब्रूंचा देव 'एकटा' कधी झाला?

ओसरी (धागाकर्ती)

मंडळी, जुन्या करारात '२ राजे'च्या पाचव्या अध्यायात एक गोष्ट आहे. नामान हा अरामच्या राजाचा, म्हणजे दमास्कसकडचा, सेनापती. त्याच्या अंगावर कोड. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून तो यार्देन नदीत सात बुड्या मारतो आणि बरा होतो. आता परत जाताना माणूस काय मागेल? हा मागतो माती. दोन खेचरांवर लादता येईल एवढी इस्राएलची माती. यापुढे याहवेशिवाय, म्हणजे हिब्रूंच्या देवाशिवाय, दुसऱ्या कुणाला होम करणार नाही, असा शब्द तो देतो, पण त्यासाठी पायाखाली याहवेची जमीन हवी ना!

मी तिथंच थांबले. कारण लहानपणापासून ऐकलेलं असं, की अब्राहामापासून हे लोक एकच देव मानणारे, अधूनमधून वाट चुकायचे आणि देव त्यांना चोपून परत रांगेत उभं करायचा. आणि इथे देव मातीला बांधलेला! अलीशाही त्याला 'अरे बाबा, देव सगळीकडे आहे' असं म्हणत नाही. नुसतं 'शांतीने जा' म्हणतो.

अलीशा इ.स.पू. नवव्या शतकातला. त्यानंतर साधारण तीनशे वर्षांनी यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात (अध्याय ४० ते ५५, हा भाग लिहिणारा वेगळा, बाबेलच्या बंदिवासातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात) याहवे ठणकावून सांगतो : मीच पहिला, मीच शेवटचा, माझ्याखेरीज देव नाहीच.

या तीनशे वर्षांत काय घडलं? माझा अंदाज असा, की माती गेली म्हणून देव एकटा झाला. इ.स.पू. ५८६ मध्ये नबुखद्नेस्सरने जेरुसलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना बाबेलला नेलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे हिशेब सरळ होता, त्यांचा देव मर्दूक जिंकला आणि आपला देव हरला. यातून सुटायला दोनच वाटा. एक, मर्दूकाला शरण जा. दुसरी, असं म्हणा की आपला देव हरला नाही, आपल्याला शिक्षा करायला त्यानेच बाबेलचा राजा हाताशी धरला. दुसरी वाट धरली की मर्दूकाला कामच उरत नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर कान धरावा.

गोगलगाय

वाचतेय. वाचनखूण साठवली.

शंकासुर

चांगला विषय. पण नामानाचंच आधीचं वाक्य तुम्ही गाळलंत. माती मागण्याच्या दोनच ओळी आधी तो म्हणतो, 'इस्राएलाशिवाय सर्व पृथ्वीवर कोठेही देव नाही, हे आता मला कळले.' म्हणजे एकेश्वरवादही त्याच्याच तोंडी आणि मातीही त्याच्याच खेचरावर. आता ही गोष्ट नवव्या शतकातली आणि ते वाक्य नंतरच्या संपादकाने घुसडलेलं, की माणसाच्या डोक्यात दोन्ही एकदम नांदू शकतात?

ओसरी

@शंकासुर, धरलात कान. मला दुसरी शक्यता जास्त पटते. संपादक तर आहेतच, पण त्यांना माती खटकली असती तर तीही काढली असती.

बखरनवीस

जमेल तेवढं लिहितो, लांबेल.

आधी हे 'हिब्रू' कुठून आले ते. 'इस्राएल' हे नाव बायबलच्या बाहेर पहिल्यांदा सापडतं ते मिसरच्या (इजिप्तच्या) फेरो मेर्नेप्ताहच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचं. 'इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही' अशी बढाई आहे. (बीज उरलं नाही म्हणणाऱ्याचं काय उरलं, ते सोडा.) गंमत त्या नावातच आहे. इस्रा-'एल'. याहवेचा पत्ताच नाही त्यात. एल हा कनानी देवांचा म्हातारा बाप.

त्याची माहिती मिळाली एका नांगरामुळे. १९२८ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामराजवळ शेतकऱ्याचा फाळ एका थडग्याच्या दगडाला अडला, आणि पुढच्या वर्षापासून झालेल्या खोदकामात उगारित हे अख्खं शहर वर आलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर एलचा दरबार भरलेला आहे. एल, त्याची बायको अथिरत (हीच बायबलातली अशेरा), त्यांचे सत्तर मुलगे, आणि वादळाचा देव बआल.

आता हे डोक्यात ठेवून जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं ३२:८-९ वाचा. परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटली, तेव्हा राष्ट्रांच्या सीमा 'इस्राएलाच्या वंशजांच्या संख्येप्रमाणे' ठरवल्या, आणि याहवेच्या वाट्याला याकोब, म्हणजेच इस्राएल, आला. हे काही जुळत नाही, कारण इस्राएल तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता! मृत समुद्राकाठच्या गुहांत या पुस्तकाचा तुकडा मिळाला तेव्हा उलगडा झाला. तिथे शब्द आहेत 'देवपुत्रांच्या संख्येप्रमाणे'. म्हणजे थोरल्या देवाने वाटण्या केल्या, प्रत्येक मुलाला एकेक राष्ट्र, आणि याहवेच्या हिश्शाला इस्राएल. पुढे कुणाला तरी हे अडचणीचं वाटलं आणि एक शब्द बदलला.

शेजाऱ्यांकडेही हीच व्यवस्था. मवाबचा कमोश, अम्मोनचा मिल्कोम, अदोमचा कौस, इस्राएलचा याहवे. १८६८ मध्ये जॉर्डनमधल्या धिबानला मेशा राजाचा काळा दगड सापडला, इ.स.पू. ८४० च्या आसपासचा. मेशा म्हणतो, कमोश आपल्या देशावर रागावला होता म्हणून इस्राएलच्या अम्री राजाने मवाबला गांजलं. मग कमोशचा राग निवळला आणि मी इस्राएलला झोडपलं, याहवेच्या मंदिरातली भांडी ओढत कमोशपुढे आणली. नावांची अदलाबदल करा, थेट बायबलचं पान होईल.

आता ओसरीताई, तुमच्या मुद्द्याला इथेच जरा तडा जातो. 'देव रागावला म्हणून शत्रू जिंकला' हा युक्तिवाद मेशाकडे तयारच होता, तोही बंदिवासाच्या अडीचशे वर्षं आधी. कमोश मात्र त्यामुळे जगाचा एकमेव देव झाला नाही. म्हणजे नुसत्या पराभवाने भागत नाही.

वाळवंटी

मेशाच्या दगडाची पुढची कथा : युरोपीय मंडळी त्यासाठी भांडायला लागल्यावर स्थानिक बदाऊनींनी तो आगीत तापवला, वर गार पाणी ओतलं आणि फोडून तुकडे वाटून घेतले. सुदैवाने आधीच ओल्या कागदावर त्याचा ठसा घेतलेला होता, म्हणून आज लूव्रमध्ये जोडून उभा आहे. अम्मानला नोकरीला होतो तेव्हा धिबानला गेलो होतो. शेळ्या, धूळ, आणि एक कळकट टेकाड.

कुंकवाचा_करंडा

अशेरा ही याहवेची बायको होती असं कुठेसं वाचलं. खरं का? आपल्याकडे देव एकटा राहतच नाही म्हणा, खंडोबाला तर म्हाळसाही आणि बानूही.

मूळाक्षर

@कुंकवाचा_करंडा, हा वाद गेली पन्नास वर्षं चालू आहे, आणि तो एका प्रत्ययावर अडलेला आहे!

सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद नावाची एक एकाकी जागा आहे. बहुधा काफिल्यांचा मुक्काम असावा. १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांनी तिथे खोदलं. इ.स.पू. ८०० च्या सुमाराचे मोठाले रांजण मिळाले, त्यांवर शाईने लिहिलेले आशीर्वाद : 'शोमरोनचा (इस्राएलच्या राजधानीचा) याहवे आणि त्याची अशेरा', 'तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा'. हेब्रोनजवळ खिरबेत अल-कोमच्या थडग्यातही असंच.

आता 'त्याची' हा प्रत्यय. हिब्रूत विशेषनामाला स्वामित्वदर्शक प्रत्यय सहसा लागत नाही. म्हणून काहींचं म्हणणं, की इथे अशेरा म्हणजे देवी नव्हे, वेदीपाशी रोवायचा लाकडी खांब. बरं, पण खांब म्हटला तरी तो कुणाचा? देवीच्या नावाचाच ना! रांजणावर जोडीने उभ्या दोन आकृती आहेत, त्यांना याहवे-अशेराचं जोडपं म्हणून इंटरनेटवर फिरवतात. त्याला मात्र आधार कच्चा आहे. ती चित्रं मिसरच्या बेस या बुटक्या देवासारखी दिसतात, आणि चित्र काढणारा व मजकूर लिहिणारा एकच होता असंही नाही.

पण '२ राजे' २३ मध्ये योशीया राजाने जेरुसलेमच्या मंदिरातून काय काय बाहेर काढलं, ते वाचा. अशेराची मूर्ती जाळून तिची राख केली. मंदिराच्या आवारात बायका अशेरासाठी वस्त्रं विणत बसायच्या, त्या खोल्या पाडल्या. म्हणजे शत्रूच्या देवळात नव्हे, खुद्द याहवेच्या घरात तिचे कपडे विणले जात होते. रांजण नसते मिळाले तरी एवढं पुरेसं होतं.

शंकासुर

आणि 'तेमानचा याहवे' हे विसरू नका. तेमान म्हणजे दक्षिण, अदोमकडचा मुलूख. शास्ते ५, अनुवाद ३३, हबक्कूक ३, या जुन्या कवनांत याहवे सेईर, पारान, तेमान इकडून चालत येतो. सुदानमधल्या सोलेबच्या मंदिरात आमेनहोतेप तिसऱ्याच्या वेळचा, इ.स.पू. चौदाव्या शतकातला, लेख आहे. त्यात 'याहूच्या प्रदेशातले शासू' भटके येतात, आणि हा याहू म्हणजे याहवेच असावा. मोशेचा सासरा इथ्रो हा मिद्यानचा पुरोहित, आणि मोशेला जळतं झुडूप दिसतं ते त्याचीच मेंढरं राखताना. देव सासुरवाडीचा, असं एका मताचं सार आहे. मला ते आवडतं.

म्हणजे दक्षिणेचा भटक्यांचा देव उत्तरेच्या शेतकऱ्यांच्या एलमध्ये मिसळला. निर्गम ६:३ तर कबुलीच देतं : अब्राहाम, इसहाक, याकोब यांना मी 'एल शद्दाय' म्हणून दिसलो, याहवे या नावाने त्यांना कळलो नव्हतो.

जावईशोध

हे सगळं मिसरच्या आखेनातेन राजाकडून आलेलं आहे. एकच सूर्यदेव आतेन, बाकी देवांची नावं खोडून काढली. मोशे त्याचाच माणूस. फ्रॉइडनेही हेच लिहिलंय.

बखरनवीस

@जावईशोध, फ्रॉइडने १९३९ मध्ये लिहिलं, पण तो मनाचा डॉक्टर, मातीचा नव्हे. आखेनातेन इ.स.पू. १३३६ च्या सुमारास गेला आणि लगेच मिसरने त्याचा पंथ पुसून टाकला. स्तोत्र १०४ आणि आतेनच्या स्तोत्रात साम्य आहे, नाकारत नाही. पण एखादं सुंदर स्तोत्र दरबारांतून, लेखकांच्या शाळांतून फिरत येणं वेगळं आणि धर्म येणं वेगळं. शिवाय हिब्रूंना एकेश्वरवाद मिसरमधूनच आयता मिळाला असता, तर पुढची सहाशे वर्षं अशेराचे कपडे विणत का बसले असते?

जावईशोध

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निरंजन_दीप

यात नवीन ते काय? 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' ऋग्वेदात आहेच.

मूळाक्षर

@निरंजन_दीप, आहे, पण दिशा उलटी. तिथे इंद्र, मित्र, वरुण, अग्नी ही एकाचीच नावं म्हणून सगळे आत घेतले. इथे याहवे आणि बआल एकाचीच नावं असं म्हणणाऱ्याला एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर उभं केलं आणि विचारलं, 'दोन्हीकडे लंगडत किती दिवस चालणार?'

आणि मजा अशी, की एलला आत घेताना काहीच अडचण आली नाही. भांडण बआलाशी. कारण पाऊस कोण पाडतो, हा प्रश्न दोघांत सामाईक होता. एलीयाच्या गोष्टीचा विषयच तीन वर्षांचं अवर्षण आहे. तेवढा अहाब राजाच्या काळचा वाद समजायला कोरडवाहू शेतकरी असणं पुरेसं आहे.

आधी बआलचं वावडंही नव्हतं. इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याच्या मुलाचं नाव एशबआल. पुढच्या लेखकांना ते उच्चारवेना, म्हणून शमुवेलाच्या पुस्तकात त्याचं ईश-बोशेथ केलं. बोशेथ म्हणजे लाज!

ओसरी

@बखरनवीस, मेशाचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. मग कमोश आणि याहवे यांच्यात फरक कुठे पडला?

बखरनवीस

माझ्या मते बाबेलच्या आधी, अश्शूरच्या (असीरियाच्या) वेळी.

इ.स.पू. ६७२ मध्ये अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने आपला मुलगा अशुरबनिपाल याला वारस नेमलं आणि मांडलिकांकडून शपथा लिहून घेतल्या. मजकूर मिळालाय. त्याची एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या तेल तायिनातच्या मंदिरात सापडली. त्यात काय आहे? अशुरबनिपालावर स्वतःसारखं प्रेम करा. दुसरा स्वामी करू नका. भाऊ, मुलगा, अगदी प्रेषित जरी फितुरीची गोष्ट बोलला तरी लपवू नका. मोडलंत तर आकाश पितळेचं आणि जमीन लोखंडाची होईल.

आता अनुवाद उघडा. ६:५, आपला देव याहवे याच्यावर संपूर्ण मनाने प्रीती कर. अध्याय १३, भाऊ, मुलगा किंवा संदेष्टा 'दुसऱ्या देवांकडे चल' म्हणाला तर त्याला पाठीशी घालू नको. २८:२३, डोक्यावरचं आकाश पितळेचं, पायाखालची जमीन लोखंडाची.

यहूदा, म्हणजे जेरुसलेमचं राज्य, तेव्हा अश्शूरचं मांडलिक. हा करारनामा त्यांच्या कारकुनांना ठाऊक असणारच. त्यांनी तो घेतला आणि सम्राटाच्या जागी याहवेला बसवलं. इ.स.पू. ६२२ मध्ये मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला 'नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला', तो याच अनुवादाचा गाभा असावा असं मानतात. योशीयाने कपडे फाडले, हुल्दा या संदेष्टीकडे माणसं पाठवली आणि मग ती साफसफाई सुरू झाली.

हा अजून 'देव एकच आहे' असा सिद्धान्त नव्हे. 'तुझी निष्ठा एकाशीच' अशी अट आहे. दहा आज्ञांतली पहिलीही तेच म्हणते : माझ्यासमोर तुला अन्य देव नसावेत. अन्य देव नाहीतच असं नाही म्हणत. कमोशपाशी पराभवाचं स्पष्टीकरण होतं, पण असा लेखी करार नव्हता, निदान आपल्या हाती तरी नाही. याहवेच्या लोकांकडे तो होता. मंदिर जळालं, पण गुंडाळी बाबेलला नेता आली.

ओसरी

हे पटलं. म्हणजे माझ्या वाक्यात दुरुस्ती : माती गेली आणि कागद उरला, म्हणून.

आणि आता यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वेगळाच दिसतोय. बाबेलमधल्या खबार नदीच्या काठी त्याला देवाचं सिंहासन दिसतं आणि त्याला चाकं आहेत, चाकांत चाकं, चारी दिशांना जाणारी. मला आजवर ते नुसतं भ्रमिष्टासारखं वर्णन वाटायचं. पण जेरुसलेमच्या सियोन डोंगरावर बसलेला देव परमुलखात भेटायला यायचा, तर चाकं लागणारच की.

कुंकवाचा_करंडा

आणि अशेराचं काय झालं? बायकांना कुणी विचारलं का?

मूळाक्षर

विचारलं, आणि त्यांनी खणखणीत उत्तर दिलं! यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय ४४. जेरुसलेम पडल्यावर मिसरला पळालेले लोक. यिर्मया म्हणतो, तुम्ही 'आकाशाच्या राणी'ला धूप जाळलात म्हणून हे झालं. बायका म्हणतात, उलट! राणीला धूप दाखवत होतो, तिच्या रूपाच्या पोळ्या भाजत होतो, तेव्हा पोटभर खायला होतं. ते बंद केलं आणि तेव्हापासून तलवार नि दुष्काळ. नवऱ्यांना काय ठाऊक नव्हतं होय? (हे शेवटचं मी जवळजवळ शब्दशः देतोय.)

पुरावा एकच, निष्कर्ष दोन. आपल्याला आज यिर्मयाचा निष्कर्ष माहीत आहे, कारण पुस्तक त्याच्या बाजूच्यांनी लिहिलं.

आणि सगळ्यांना ते मान्य झालंही नाही. नाईलमधल्या अस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर इराणी सम्राटांच्या पदरी यहुदी शिपायांची छावणी होती. त्यांचं स्वतःचं याहूचं, म्हणजे याहवेचं, मंदिर होतं. इ.स.पू. ४०० च्या सुमाराची त्यांची वर्गणीची यादी पपायरसवर मिळाली आहे. वर मथळा, याहू देवासाठी चांदी देणाऱ्यांची नावं, प्रत्येकी २ शेकेल. मग नावांमागून नावं, बायकांचीही. आणि खाली हिशेब : याहूला १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेल या दुसऱ्या देवाला ७ कर्श, अनात-बेथेल या देवीला १२ कर्श (शेकेल नि कर्श ही चांदीची वजनं). पावती एकाच्या नावाने फाडली आणि वाटप तिघांत! यशयाचं 'माझ्याखेरीज देव नाही' लिहून शंभरावर वर्षं झाली होती.

शंकासुर

वर्गणीचं हे रूप सनातन आहे.

वाळवंटी

इराणी आलेच आहेत तर, जरथुष्ट्राचा हात किती? इराणच्या कोरेशाने (सायरसने) इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतलं, यहुद्यांना परत जाऊ दिलं, आणि यशया ४५ त्याला चक्क 'अभिषिक्त', म्हणजे मसीहा म्हणतो. परकीय राजाला!

बखरनवीस

त्याच अध्यायात ७ वी ओवी बघा : मी प्रकाश घडवतो आणि अंधार निर्माण करतो, कल्याण मी करतो आणि अरिष्टही मीच. कुणाला हे इराणी प्रकाश-अंधाराच्या द्वैताला दिलेलं उत्तर वाटतं. सैतान, देवदूतांच्या फौजा, मेलेल्यांचं उठणं यांत नंतर इराणी छटा दिसते. पण 'एकच' हा आग्रह तोवर झालेला होता. एकेश्वरवादाचं बिल मात्र जबर आहे, कारण अरिष्टाला आता दुसरा देव जबाबदार धरता येत नाही. ईयोबाचं पुस्तक त्या बिलाचीच तक्रार आहे.

तिळाचे_तेल

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे. आयडी कशावरून ते कळलं असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे.

आमच्याकडे सांगतात की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या. मंदिर नाही, ग्रंथ नाही, हिब्रू विसरली. राहिलं ते शब्बाथ, सुंता, मासे कुठले खायचे ते (पर आणि खवले असलेलेच), आणि 'शमा'. हे इस्राएल ऐक, याहवे आपला देव, याहवे एकच. अनुवाद ६:४. वर बखरनवीसांनी ६:५ दिलंय, त्याच्या आधीची ओळ. आजी उजव्या हाताने डोळे झाकून म्हणायची. ते अश्शूरच्या करारनाम्याच्या थाटात आहे हे आज कळलं, आणि थोडा वेळ गप्प बसलो. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, 'मग? राजापेक्षा देव मोठा, हेच ना?'

आणि एलीया आमचा फार लाडका. नवस फेडायला, साखरपुड्याला, नवीन घराला मलिदा करतात, पोहे, खोबरं, गूळ, फळं, त्यावर एलियाहू हनाबीचं नाव.

मूळाक्षर

@तिळाचे_तेल, ते नाव फोडून पाहिलंयत? एली-याहू. 'माझा एल, तो याहू.' या धाग्यावर आम्ही जे दोन दिवस दळतोय ते मलिद्याच्या ताटावर एका नावात म्हटलं जातं.

तिळाचे_तेल

हजार वेळा म्हटलंय, फोडून कधी पाहिलं नव्हतं.

@ओसरी, तुमच्या मातीबद्दल एक. आमच्या कपाटात एक पुडी होती. जेरुसलेमची माती. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चिमूटभर घातली, उरलेली परत बांधून ठेवली.

ओसरी

अरे! म्हणजे नामानाची खेचरं अजून चालतायत. आणली कुणी होती?

तिळाचे_तेल

आईच्या मामांनी. ते कधीचेच इस्राएलला गेले, दिमोनाला असतात. एकदा सुट्टीला आले तेव्हा सहार विमानतळावर कस्टमवाल्याने डबी उघडायला लावली. हे काय? मामा म्हणाले, माती. साहेबांनी बोट घालून पाहिलं, वास घेतला, झाकण लावून दिलं आणि म्हणाले, 'इथं काय कमी आहे का?'

गोगलगाय

मलिद्याची कृती पाककृती विभागात टाका ना. गूळ किसून की पाक करून?